माजघराचा खांब

बबन मेस्त्री सुताराच्या घरात जन्मले, सुतारकाम शिकले, सुतार म्हणूनच भाईंदरला आले. पण साठी जवळ आली तरी एक अख्खं घर म्हणून त्यांनी कधी उभं केलं नव्हतं. वडील करायचे. संगमेश्वराकडच्या दहा गावांत त्यांनी बांधलेली घरं होती. खांब, तुळया, आढं, वासे, सगळं लाकडात, आणि लोखंडाचा खिळा शोधूनही सापडायचा नाही. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचं, दुसऱ्यात त्याच मापाची खाच पाडायची, एकात एक बसवायचं आणि आडवी लाकडाचीच मेख ठोकायची. बबन मेस्त्री हे सगळं वडिलांच्या हाताखाली शिकले आणि विसाव्या वर्षी इकडे आले. इकडे कुणाला कुसू नको होतं. इकडे प्लाय होता, सनमायका होता, ट्रॉल्या होत्या. हात चांगला असल्यामुळे काम कधी कमी पडलं नाही, आणि म्हणूनच परत जाणंही कधी झालं नाही.

त्या दिवशी ते जेसल पार्कमधल्या एका फ्लॅटमध्ये सिंकखाली उताणे पडून कपाटाची बिजागरी बसवत होते. त्यांच्याबरोबर पंधरा वर्षं काम करणारा नाथा दारातून म्हणाला, "मेस्त्री, एक मॅडम आल्यात. आर्किटेक्ट आहेत. त्यांना कुसवाबद्दल विचारायचंय."

मेस्त्रींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तेवढ्यात जीन्स घातलेली एक तरुण बाई सिंकसमोर गुडघ्यांवर बसली आणि आत डोकावून म्हणाली, "काका, मी संजना. जुन्या घराचा सांधा न तोडता उघडता येतो का?"

"मेख कुठल्या बाजूनं ठोकलीय ते बघावं लागतं," मेस्त्री आतूनच म्हणाले. "एक तोंड बारीक असतं. त्या बाजूनं मारायची. निघते."

"भाईंदरमध्ये बावीस सुतारांना विचारलं मी. हे सांगणारे तुम्ही पहिले," संजना म्हणाली. "चला, बाहेर या. एक घर दाखवते."

घर खारीत होतं. एकेकाळी खारी म्हणजे शेतं आणि मिठागरांच्या मधलं गाव; आता चारही बाजूंनी इमारती आणि त्यांच्या पोटात अडकलेल्या दहा-बारा जुन्या गल्ल्या. त्यातल्या एका गल्लीच्या टोकाला उर्मिलामावशींचं घर होतं. दगडी जोतं, सागाचे चौदा खांब, वर कौलं. मावशी बहात्तर वर्षांच्या. मुलांनी जागा बिल्डरला दिली होती, आणि मावशींनाही वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळणार होता. त्यांनी सही केली, पण एक अट घातली होती.

"जेसीबी लावायचा न्हाय," त्या मेस्त्रींना म्हणाल्या. "लावाल तर मी आत बसून ऱ्हानार. ज्याला पायजे त्यानं न्यावं, पन अख्खं न्यावं. मोडलेलं मला बगवनार न्हाय."

संजनाला हे कळलं तेव्हा तिनं ते घर हवं असणारं माणूस शोधलं होतं. मिनल नावाच्या डॉक्टरबाईंची चौक नावाच्या गावाजवळ टेकाडावर जागा होती. उत्तनच्या बाजूला समुद्रालगतचं ते कोळ्यांचं गाव. डॉक्टरांना तिथे राहायचं होतं आणि ओटीवर गावातल्या लोकांना तपासायचं होतं. घर इथून सोडवायचं, टेम्पोतून तिकडे न्यायचं आणि जसंच्या तसं उभं करायचं, असं काम होतं.

मेस्त्री घरात शिरले. माजघरात उभे राहून त्यांनी वर पाहिलं. तुळईवर हात फिरवला. धुरानं काळं झालेलं लाकूड, पण सांध्यात नखही जाणार नाही. घरी सांगण्यासारखं काही दिसलं की त्यांना आधी आठवायची ती बायको, अंबिका. ती जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी तोंडापर्यंत शब्द यायचे आणि तिथेच थांबायचे.

"करतो," ते म्हणाले. "ट्रॉल्यांची कामं नाथा बघेल थोडे दिवस."

"मी नाय बघणार," नाथा म्हणाला. "मी पण येतोय."

दिवाळीनंतर काम सुरू झालं. आधी कौलं उतरवली, मग रिपा, मग वासे. संजना प्रत्येक लाकडाचा फोटो काढायची आणि त्यावर पत्र्याची नंबरपट्टी बांधायची. पण पहिली तुळई सुटली तेव्हा मेस्त्रींना आत, कुसवाच्या गालावर, पटाशीनं मारलेल्या तीन रेघा दिसल्या. समोरच्या खांबाच्या खाचेतही तीन रेघा. पुढच्या सांध्यात चार आणि चार.

"संजनाबाई, तुमचे नंबर राहू द्या," ते हसत म्हणाले. "त्यानं आधीच घालून ठेवलेत."

कोण तो सुतार, कुठला, कुणाला माहीत नव्हतं. मावशींच्या आजेसासऱ्यांच्या वेळची गोष्ट. पण महिनाभर मेस्त्री त्याच्याशी मनातल्या मनात बोलत राहिले. इथे मेख उलटी का मारलीस? बरोबर, भिंत होती ना पलीकडे. ही खाच जरा सैल झाली, मग पाचर घातलीस वाटतं. वडिलांच्या नंतर या भाषेत त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. संध्याकाळी घरी जाताना त्यांना उगाचच जत्रेतून परतल्यासारखं वाटायचं.

मावशी समोरच्या घराच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या. रडल्या नाहीत. भिंती गेल्या, नुसता सांगाडा उरला, तेव्हा मात्र त्या उठून आत आल्या आणि मोकळ्या हवेत, जिथे स्वयंपाकघर होतं तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"हितं माजा सगला जल्म गेला," त्या म्हणाल्या. "आन् बग, केवडंसं हाय. दोन पावलांत संपतं."

दुसऱ्या दिवशी वाईट बातमी निघाली. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधला खांब, घरातला सगळ्यात जाड, ज्यावर दोन तुळया येऊन टेकत होत्या, तो हलवायला गेले तर हातोडीचा आवाज पोकळ आला. मेस्त्रींनी पटाशी टेकवली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेरून सुपारीसारखा गुळगुळीत, आतून वाळवीनं खाऊन भुसा.

संजना बराच वेळ त्या भुशाकडे बघत राहिली. "आत स्टीलचा पाइप घालू," ती शेवटी म्हणाली. "बाहेरून सागाच्या फळ्या लावू. दिसणार नाही कुणाला."

"तुळईचं कुसू कशात बसवणार? पाइपात?"

"वेल्डिंग करून ब्रॅकेट देता येईल."

मेस्त्रींनी पटाशी बाहेर ओढून तिच्यावरचा भुसा झटकला.

"काका, एवढा जुना, सुकलेला साग आता अखंड मिळत नाही. मी शोधलाय. ओला मिळेल, तो वर्षभरात पिळून निघेल. तुम्हालाच माहितीय."

त्यांना माहीत होतं. आणखीही एक गोष्ट माहीत होती, पण ती त्यांनी सांगितली नाही. ते घरी आले.

गोष्ट अशी होती. त्यांची मुलगी स्वप्नाली पहिलीत असताना एका वादळात गावी त्यांच्या परड्यातले दोन मोठे साग पडले. घ्यायला माणूस दारात आला होता. अंबिका आडवी आली. म्हणाली, "हे द्यायचं नाही. यात आपलं घर होईल. तुम्ही बांधायचं, तुमच्या हातानं." चार खांब आणि दोन तुळया कापून घेतल्या आणि मेस्त्रींच्या धाकट्या भावाच्या, जितेंद्रच्या, गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवल्या. मग दर वर्षी मे महिन्यात सगळी गावी गेली की नवरा-बायको ती लाकडं खाली काढायची, उलटीपालटी करायची, वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल चोळायची. त्या तेलानं अंबिकाच्या बोटांची सालं निघायची. मुंबईला परत येईपर्यंत ती डाव्या हातानं जेवायची, आणि हसायची. आधी स्वप्नालीची शाळा, मग भाईंदरची जागा, मग अंबिकाचं दुखणं. घर पुढच्या वर्षी, घर पुढच्या वर्षी. ती गेल्यावर मेस्त्री मे महिन्यात गावी गेले नाहीत.

सकाळी चहा घेताना त्यांनी स्वप्नालीला खांबाचं सांगितलं. ती ऑफिसला निघायच्या तयारीत होती. ऐकता ऐकता तिनं खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"बाबा, ते आईचं आहे."

"म्हणून तर विचारतोय."

"त्यात आपलं घर होणार होतं."

"तू राहशील का तिथे?" मेस्त्रींनी विचारलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून.

स्वप्नालीनं कपाकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण आहे म्हटलं की बरं वाटायचं. कुठेतरी आपलं घर ठेवलंय, असं."

"मलापण."

खाली शाळेची बस हॉर्न वाजवत होती. स्वप्नालीनं ऑफिसला फोन केला, उद्या येणार नाही म्हणून सांगितलं, आणि वडिलांना म्हणाली, "मी येते गावाला. एकटे नका जाऊ."

जितेंद्रनं गोठ्याच्या माळ्याला शिडी लावून ठेवली होती. "वयनी गेल्यावर मीच तेल लावतोय दरवर्षी," तो ओशाळल्यासारखा म्हणाला. "तुला सांगितलं नाही. म्हटलं उगाच आठवण कशाला." मेस्त्री त्याच्याकडे बघतच राहिले. मग शिडी चढले.

लाकडं एकावर एक रचलेली होती, फक्त टोकं दिसत होती. आणि प्रत्येक टोकावर, कापलेल्या लाकडाच्या चेहऱ्यावर, पांढऱ्या ऑइलपेंटनं अंबिकाच्या गोल गोल अक्षरांत लिहिलेलं होतं: ओटी. पडवी. देवघर. माजघर. कुठला खांब कुठे लागेल ते तिनं स्वतः ठरवून लिहून ठेवलं होतं. मेस्त्री तेव्हा तिला हसले होते. "सुतार मी का तू?" तर म्हणाली होती, "तुम्ही विसराल."

ते माळ्यावर उकिडवे बसले. मागून शिडीवर चढलेल्या स्वप्नालीनं ती अक्षरं वाचली आणि तोंड फिरवलं. जितेंद्र खालून विचारत होता, "कुठला काढू, दादा?" या लाकडांच्या आशेवर त्यांनी वीस वर्षं दुसऱ्यांची स्वयंपाकघरं लावली होती. कुणाच्या तरी ट्रॉलीला स्क्रू मारताना त्यांच्या डोक्यात हे घर उभं असायचं, अंबिका त्यात वावरत असायची, कधी कधी तर तिच्या पायांचा आवाजही यायचा. यातला एक खांब काढला की ते घर पडणार होतं.

"माजघर," ते शेवटी म्हणाले. आवाज फुटला म्हणून परत म्हणाले, "माजघर काढ."

चौकच्या टेकाडावर जानेवारीत जोतं तयार झालं. खाली बोंबील वाळत घातलेले, त्यांचा वास वाऱ्याबरोबर वर यायचा, पलीकडे समुद्र. डॉक्टरांनी उर्मिलामावशींना फोन करून दार कुठल्या दिशेला ठेवू म्हणून विचारलं होतं. "सकालचं ऊन दारात आलं पायजे," एवढंच मावशी म्हणाल्या. त्यामुळे घर समुद्राकडे पाठ करून उभं राहणार होतं. संजनाला हळहळ वाटली, पण डॉक्टरांनी तसंच ठेवायला सांगितलं.

गावाहून आलेला खांब मेस्त्रींनी दुसऱ्या कुणाला रंधू दिला नाही. आठ दिवस ते त्याच्यावरच होते. पहिला रंधा फिरला आणि काळपट सालीखालून सोनेरी लाकूड वर आलं, तेव्हा नाथानं काम थांबवलं आणि नुसता वास घेत उभा राहिला. खांब लांबीला हातभर जास्त होता. एक टोक कापणं भाग होतं.

"हे लिहिलेलं टोक कापू?" नाथानं करवत उचलत विचारलं.

"दुसरं."

वरच्या टोकाला त्यांनी दोन तुळयांसाठी खाचा कोरल्या. जुन्या सुताराच्या खुणा होत्या तशाच, सात रेघा आणि आठ रेघा, पटाशीनं पाडल्या. खालचं टोक होतं तसं राहू दिलं. त्याला तेल चोळलं, आपल्याच हातानं, आणि बोटं भाजली तरी हातमोजे घातले नाहीत. मग आठ माणसांनी दोर लावून खांब उभा केला. मेस्त्रींनी ओळंबा धरला. "थोडा डावीकडे. बस. सोडा." अंबिकाची अक्षरं खालच्या दगडावर टेकली आणि झाकली गेली. आता घर पुन्हा कुणी उघडेपर्यंत ती कुणाला दिसणार नव्हती.

तुळई वर चढवली. कुसू खाचेशी आलं. मेस्त्रींनी लाकडी हातोड्याचा एक घाव घातला आणि कुसू आत गेलं ते थेट खांद्याला भिडूनच थांबलं. दुसरा घाव घालावाच लागला नाही. खाली उभ्या असलेल्या संजनानं टाळ्या वाजवल्या. मेस्त्री वर परांचीवर बसून राहिले. नाथानं पाणी दिलं ते घेतलं. एका घावात कुसू बसलं, हे ज्याला कळलं असतं असं माणूस टेकाडावर एकही नव्हतं. वडील असते तर मान हलवली असती. अंबिकाला सुतारकीतलं काही कळत नव्हतं, पण ती विचारत राहिली असती, मग? मग काय झालं? आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं असतं.

एप्रिलअखेर कौलं चढली. डॉक्टरांनी सामान आणायच्या आधी मेस्त्रींनी खारीत जाऊन उर्मिलामावशींना घर बघायला याल का म्हणून विचारलं. त्या मुलाच्या भाड्याच्या जागेत राहत होत्या.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या दारात उभी राहून आपलं घर काय बगू?"

"घर नका बघू. मला एक खांब दाखवायचाय."

मग आल्या. रिक्षातून उतरून टेकाड चढताना दोनदा थांबल्या, आणि घर दिसलं तशा तिसऱ्यांदा. जवळ आल्या. पायरीला हात लावून नमस्कार केला. उंबऱ्यात वाकल्या, सवयीनं, कारण दार बुटकं होतं. आत मात्र त्यांना काही दाखवावं लागलं नाही. सरळ माजघरात गेल्या आणि खांबापुढे उभ्या राहिल्या.

"ह्यो माजा न्हाय."

"नाही. तुमचा वाळवीनं खाल्ला होता. हा माझ्या घरचा."

"तुजं घर कुटं हाय?"

"झालंच नाही, मावशी," मेस्त्री म्हणाले. "लाकूड ठेवलं होतं. मी आणि बायको बांधणार होतो. ती गेली."

मावशी खांबावर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. मग विचारलं, "नाव काय तिचं?"

"अंबिका."

"अंबिका," मावशी म्हणाल्या, आणि खांबाकडे तोंड करून, नव्या सुनेला सांगावं तसं सावकाश सांगू लागल्या, "हे बग, चूल त्या कोपऱ्यात होती. धूर हिकडं येतो, तवा खिडकी आदी उगडायची. दारातनं जाताना वाकायचं. मी वाकली न्हाय, पयल्याच दिवशी कपाल फुटलं. मागच्या पडवीत दुपारचं बरं वाटतं. तितं वारा हाय."

बबन मेस्त्री बाहेर ओटीवर येऊन बसले. चाळीस वर्षांत त्यांनी लोकांसमोर डोळे पुसले नव्हते. आता पुसले, आणि कुणी पाहिलं तरी चालेल असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळानं मावशी बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी खांबाला टेकून बसल्या. मेस्त्रींनी त्यांना सांगितलं की संजनाला वसईकडे आणखी एक घर मिळालंय, आणि त्यांनी हो म्हटलंय. गावच्या उरलेल्या तीन खांबांचं काय करायचं ते अजून ठरवलं नाही. स्वप्नाली म्हणते, घाई नको.

"घाई न्हाय," मावशी म्हणाल्या.

त्या आणखी काही म्हणतील म्हणून मेस्त्री थांबले. पण मावशींचा श्वास संथ झाला होता. डोकं हळूहळू कलतं होऊन ओटीच्या खांबाला टेकलं, आणि त्या झोपल्या, तोंड किंचित उघडं ठेवून, आपल्या घरात दुपारी झोपावं तशा. खाली रस्त्यावर भाईंदरला जाणारी बस येऊन थांबली. कंडक्टरनं घंटी दिली. पुढची बस तासाभरानं होती. मेस्त्रींनी बसकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि बस निघून जाऊ दिली.